व्होल्टेनबर्ग, लालबाग

१२ फेब्रुवारी २०२४, सोमवार, सकाळचे साडेनऊ. मी लालबागच्या आमच्या चाचणी प्रयोगशाळेत दोन इलेक्ट्रोड एकाच द्रावणात बुडवून उभी होते. मागून कुणीतरी विचारलं, "यातला आपला कुठला आणि परका कुठला?"

आकडा स्थिर होईपर्यंत मी मान वळवत नाही. तशीच उभी राहून म्हटलं, "डावा आपला, उजवा बाहेरचा."

"फरक किती?"

"दशांशचिन्हाच्या पलीकडचा."

"मग भांडायला हरकत नाही," असं म्हणून ती व्यक्ती स्टूल ओढून बसली. स्टुलाच्या पायांचा आवाज झाला आणि माझा आकडा हलला. प्रज्ञा जाधवची आणि माझी ओळख ही अशी झाली.

मला तिचा हेवा वाटत असे. हे आधीच नोंदवते, कारण पुढची सगळी निरीक्षणं त्याच उपकरणातून घेतलेली आहेत, आणि उपकरणातला दोष निष्कर्षाच्या आधी सांगावा असं आम्हाला शिकवलेलं आहे.

आमची संघटना प्रयोगशाळेची लहानसहान उपकरणं बनवणाऱ्यांची. कार्यालय लालबागच्या एका औद्योगिक वसाहतीत तिसऱ्या मजल्यावर, आणि सदस्यांचे गाळे बरेचसे खाली तळमजल्यावर. मी विद्युत्-रसायनशास्त्रात एम.एस्सी. केलेली, चाचणी विभागाची प्रमुख. विभागात मी एकटीच होते, पण प्रमुख होते. आमचा मुख्य माल म्हणजे आम्लता मोजणारा काचेचा इलेक्ट्रोड. बोलताना सगळे त्याला नुसतं 'कांडी' म्हणतात. दूध, पिण्याचं पाणी, औषधं, जिथे जिथे आम्लता मोजायची तिथे ती लागते. तिच्या टोकाला पातळ काचेचा फुगा असतो, आणि आम्लतेच्या एका पायरीमागे त्यातून किती मिलिव्होल्ट निघतात यावर तिची लायकी ठरते. पुस्तकातला आदर्श आकडा ५९.१६. कांडी त्याच्या जितकी जवळ, तितकी ती खरी. त्या सकाळी बाहेरची कांडी ५९.० दाखवत होती आणि सावंतांची ५८.९.

सावंत म्हणजे आमच्या वसाहतीतले सर्वांत जुने कांडीवाले. त्यांच्या वडिलांनी गिरणीतली नोकरी सोडून हा धंदा उभारला. स्वस्त आयात मालामुळे त्यांच्या तीनपैकी दोन भट्ट्या बंद पडल्या होत्या. इतरांचंही थोड्याफार फरकाने तेच होतं. म्हणून सरकारने नेमलेल्या एका समितीपुढे संघटना निवेदन करणार होती. मागायचं काय, एवढंच ठरत नव्हतं: बाहेरच्या कांडीवर आयात शुल्क वाढवा असं म्हणायचं, की इथल्या उत्पादकांना प्राप्तिकरात सवलत द्या असं. आमचे सचिव करंदीकरकाका त्या वर्षी निवृत्त होणार होते. सगळ्यांच्या देखत त्यांनी सांगून टाकलं होतं, की हे निवेदन जो पार नेईल तोच पुढचा सचिव. ती खुर्ची मला हवी होती. इतकी स्पष्ट इच्छा मला त्याआधी फक्त प्रवेशपरीक्षेच्या वेळी झाली होती.

प्रज्ञाला काकांनी 'मदतीला' म्हणून बोलावलं होतं. ती अर्थशास्त्रात एम.ए., करसल्लागार. आमच्या निम्म्या सदस्यांची प्राप्तिकराची विवरणपत्रं तीच भरायची. वय चौतीस, म्हणजे माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. उंच, खांद्याला कापडी झोळी, केस एका भल्यामोठ्या चिमट्यात कसेतरी अडकवलेले. ती फोनवर बसून बोलत नसे. घंटी वाजली की उभी राहायची. चहा मागवायची आणि विसरायची; तिच्या टेबलावर साय धरलेला एक कप कायम असे. आणि मी डॉक्टरेट अर्धवट सोडली आहे हे पहिल्याच दिवशी काढून घेऊन तिने मला 'डॉक्टर' म्हणायला सुरुवात केली.

"मी डॉक्टर नाही," मी म्हटलं.

"होशील की. मी आत्तापासून सवय करतेय."

'तुम्ही'वरून 'तू'वर यायला मला महिने लागतात. तिला एक वाक्य लागलं.

माझं मत तयार होतं. आयात शुल्क हा ग्राहकावर लावलेला कर आहे, फक्त पावतीवर तो दिसत नाही. बाहेरची कांडी महाग झाली की आपलीही महाग होते, आणि महापालिकेच्या शाळेतली प्रयोगशाळा चार कांड्यांऐवजी दोन घेते. प्राप्तिकराची सवलत किमतीला हात लावत नाही. नवी भट्टी घेणाऱ्याला थेट बळ देते. हे मी आलेखांसह सावंतांच्या गाळ्यात, सात-आठ सदस्यांपुढे मांडलं. सगळे माना डोलावत होते. प्रज्ञा भट्टीजवळ उभी होती. तिची एक पद्धत होती: खोलीत शिरल्यावर सगळ्यांत गप्प कोण आहे ते ती शोधायची आणि त्याच्याशीच बोलायची. त्या दिवशी गप्प होते ते खुद्द सावंत.

"सावंत, गेल्या वर्षी प्राप्तिकर किती भरलात?"

सावंत चपापले. "माका काय विचारतंस? रिटर्न तूच भरलंस मा?"

"सांगा तरी सगळ्यांना."

"शून्य."

"बघा. डॉक्टर तुमचा शून्य माफ करायला निघाल्यात. आभार तरी माना."

गाळा हसला. मीही हसले, कारण न हसणं वाईट दिसलं असतं. मग मी शांतपणे सांगितलं, की सवलत पुढच्या काळासाठी असते. नफा झाल्यावर ती कामाला येते, आणि तोटा पुढच्या वर्षांत ओढताही येतो.

"बरोबर आहे," ती म्हणाली. "पण नफा होईपर्यंत गाळा जागेवर राहायला हवा ना. इथे कुरियरचं गोडाऊन झाल्यावर तोटा ओढणार कोण?"

माझा युक्तिवाद तिने खोडला नव्हता. तो बरोबर आहे हे तिने सर्वांसमोर मान्य केलं होतं, आणि तरीही सदस्य तिच्याभोवती उभे होते आणि मी प्रोजेक्टरची वायर गुंडाळत होते. यातले कारण आणि परिणाम मी घरी जाऊन तपासले. सापडलं ते एवढंच: मी सदस्यांना समजावत होते आणि ती त्यांना विचारत होती. हे लक्षात आल्यावर पुढच्या बैठकीत मीही प्रश्न विचारून पाहिले. लोकांनी नम्रपणे उत्तरं दिली, परीक्षेला बसल्यासारखी.

बोलणं ती कुठे शिकली, असं मी एकदा विचारलं. नायगावच्या बीडीडी चाळीत तिचं बालपण गेलं. आठवीत असताना जयंतीच्या कार्यक्रमात मैदानावर तिचं भाषण होतं, आणि दुसऱ्याच वाक्याला माइक बंद पडला. ती थांबली. समोरच्या गॅलरीतून तिची आत्या ओरडली, "अगं बोल, माइकची वाट काय बघतेस." तिने उरलेलं भाषण तीन चाळींना ऐकू जाईल अशा आवाजात पूर्ण केलं. "तेव्हापासून माइकवर माझा विश्वास नाही," ती म्हणाली. गिरगावातल्या आमच्या घरात मोठ्याने बोलणं हा असभ्यपणा होता. वक्तृत्वाची दोन बक्षिसं माझ्याकडेही आहेत, पण ती पाठ केलेल्या भाषणांची.

तिच्यातल्या एका गोष्टीचा हेवा मात्र इतर सगळ्यांहून वेगळा होता. तिला हरता येत असे.

एका शनिवारी ती मला वरळी कोळीवाड्यात घेऊन गेली. तिथल्या हेमाताई मासळीचा व्यापार करतात, भावाची होडी आहे, आणि दोघांची विवरणपत्रं प्रज्ञा भरते. अंगणात बोंबील वाळत होते. आम्हाला जेवायला बसवून हेमाताईंनी विचारलं, सध्या काय चाललंय. प्रज्ञाने आयात शुल्काची कथा रंगवून सांगितली: बाहेरचा स्वस्त माल, इथले बंद पडलेले गाळे, कामगारांची घरं. मला वाटलं, आता हेमाताईंचे डोळे पाणावणार.

"म्हणजे बाहेरच्या जाल्यावर पन लावनार?" हेमाताईंनी विचारलं.

"जाळ्यांचा विषय नाहीये आत्ता, ताई. पण समजा लावलं. इथला जाळ्यांचा कारखाना चालेल. तिथे कामगार आहेत."

"मंग त्या कामगाराला सांग, माज्याकडचं म्हावरं वाढीव भावानं घे. घेल?"

प्रज्ञाने घास हातातच धरला. विचार करताना ती वर बघायची, तशी पत्र्याकडे बघत राहिली.

"नाही घेणार."

"मंग मी कनाला त्याचं जालं वाढीव भावानं घेऊ? आनि घेऊ तं कवरीक वर्सं घेऊ? तो शिकंल, सुधारंल म्हनून मी जन्मभर थांबू?"

"हरले, ताई," प्रज्ञा म्हणाली, आणि ती इतकी खूश दिसली की हेमाताईही हसल्या. "एक बोंबील वाढा त्यावर."

परतताना गल्लीतून चालता चालता ती तेच घोळवत होती. "किती वर्षं, हा खरा प्रश्न. डॉक्टर, आपण मुदतच घातली नाही कुठे."

माझ्या टिपणाच्या चौथ्या पानावर मुदतीचा मुद्दा होता. शीर्षकासह होता. ते टिपण मी तिला तीन आठवड्यांपूर्वी दिलं होतं.

"चौथं पान," मी म्हटलं.

"हो का? मग बाई मी वाचलंच नाही नीट." तिने माझ्या दंडाला धरून मला एका हातगाडीच्या वाटेतून बाजूला ओढलं. "पण ताईंनी काय सांगितलं बघ ना."

माझं वाक्य माझ्याच कानांनी पुन्हा ऐकलं, हेमाताईंच्या तोंडून. तिथे ते अधिक चांगलं होतं, हेही मला कळलं.

समितीची सुनावणी दक्षिण मुंबईतल्या एका सरकारी इमारतीत झाली. करंदीकरकाकांनी तडजोड काढली होती: मी सादरीकरण करायचं, प्रज्ञाने प्रश्नांची उत्तरं द्यायची, आणि मागणी दोन्हींची करायची, शुल्क वाढवा आणि प्राप्तिकरातही सवलत द्या. मी काळ्या मखमलीच्या तबकात दोन कांड्या ठेवल्या, एक बाहेरची आणि एक सावंतांची. चाचणीचे आकडे पडद्यावर दाखवले. फरक जवळपास नाही हे सिद्ध केलं. वीस मिनिटं मी चांगलं बोलले, हे मी आजही म्हणते.

मग अध्यक्षांनी तबकातली एक कांडी उचलली. वयस्कर, मऊ बोलणारे गृहस्थ होते. कांडी उजेडाकडे धरून त्यांनी तिच्या निळ्या पट्टीवरची रोमन अक्षरं वाचली: व्होल्टेनबर्ग.

"ही पाहा," ते आम्हाला समजावून सांगू लागले. "हातात घेतल्याबरोबर कळतं. काचेचं काम पाहा, जोड पाहा. तुमच्या लोकांनी असं काम केलं, तर शुल्काची गरजच पडणार नाही."

खोलीत आमचे अकरा सदस्य होते. एकानेही मान वर केली नाही.

व्होल्टेनबर्ग हे सावंतांच्या कांडीचं नाव. त्यांच्या वडिलांनी ठेवलेलं. आमच्या वसाहतीत प्रत्येकाच्या मालाला असंच एखादं नाव आहे. कुणी ऐकायला स्विस, कुणी स्वीडिश. तळमजल्यावरून चालत गेलं तर अर्धा युरोप लागतो. ही पद्धत इतकी जुनी, की आमच्यापैकी कुणालाही त्यात वावगं दिसत नव्हतं. कांडी मीच निवडली होती, पुसून मीच तबकात ठेवली होती. स्वदेशी मालाचा नमुना म्हणून जर्मन नावाची वस्तू सरकारपुढे ठेवताना माझ्या मनात एवढाच विचार आला होता, की पट्टी सरळ दिसली पाहिजे. बाहेरच्या खऱ्या कांडीवर नुसता एक क्रमांक होता.

सावंत स्वतःच्या चपलांकडे पाहत होते. मी माझी पुढची पानं उलटू लागले.

प्रज्ञा उभी राहिली. समोरचा माइक तिने बाजूला सरकवला.

"साहेब, ती कांडी लालबागची आहे. सावंत, उठा. गाळ्याचा पत्ता सांगा साहेबांना."

सावंत उठले. "गाळा सतरा, तळमजलो," ते म्हणाले. "लालबाग."

"मग हे नाव?" अध्यक्षांनी विचारलं.

"वडलांनी ठेवलेला, साहेब. सावंताची कांडी हॉस्पिटलवाले घेय नाय होते. ह्या नावान घेऊक लागले."

अध्यक्षांचा आवाज तसाच मऊ राहिला. "म्हणजे ग्राहकाला परदेशी म्हणून विकायचं आणि आमच्याकडे स्वदेशी म्हणून मागायचं."

"हो, साहेब," प्रज्ञा म्हणाली.

काकांनी डोळे मिटले.

"दोन्ही करतो आम्ही. पण आत्ता तुम्ही तिचं जे कौतुक केलंत, ते तिच्यावर 'सावंत' लिहिलं असतं तर केलं असतंत का? मीही केलं नसतं. आणि हे शुल्काने जात नाही, प्राप्तिकर माफ करूनही जात नाही. म्हणून आम्ही मागणी बदलतो. कराची सवलत राहू द्या; आमच्या बहुतेकांना कर भरण्याइतका नफाच नाही. शुल्क द्या, पण मुदतीचं. ती संपली की उठवा, आम्ही परत येणार नाही. त्या मुदतीत आमचा प्रत्येक सदस्य मालावर स्वतःचं नाव आणि गाव घालेल. नाही घातलं तर संघटनेतून बाहेर."

मागे सदस्यांत चुळबुळ झाली. काका पुटपुटले, "आपलं असं ठरलं नव्हतं."

"आता ठरलं ना, काका," ती मागे न बघता म्हणाली, आणि पुन्हा समितीकडे वळली. "आणखी एक. कांडीची काचेची नळी आपल्याकडे होत नाही, बाहेरूनच येते. शुल्क वाढवताना ती चुकून त्याच यादीत गेली, तर आमचीच मान कापली जाईल. हा मुद्दा माझा नाही. केतकी मॅडमनी शोधलाय. आकडे त्यांच्याकडून घ्या, माझ्यावर विसंबू नका."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी नळीचे आकडे सांगितले. अध्यक्षांनी ते लिहून घेतले, एकदा थांबवून पुन्हा विचारले. माझ्या वीस मिनिटांतलं त्यांनी काहीही लिहून घेतलं नव्हतं. तिने माझा मुद्दा स्वतःच्या नावावर खपवला असता, तर मला तिचा सुखाने राग करता आला असता. तेवढीही सोय तिने ठेवली नाही.

बाहेर जिन्यात सदस्यांनी तिला घेरलं. नाव बदललं तर माल जाणार कसा, हा एकच प्रश्न दहा आवाजांत. ती पायरीवर उभी राहून प्रत्येकाचं नाव घेऊन उत्तर देत होती. सावंत रेलिंगला टेकून उभे होते. मी विचारलं, बरं वाटतंय ना. म्हणाले, "चालीस वर्सात पयल्यांदा कोणी मोठ्या माणसान माज्या कांडयेची तारीफ केलीहा. आणि तेतूर माजा नाव नाय."

काही महिन्यांनी निर्णय आला. शुल्क वाढलं, आम्ही मागितलं होतं त्याहून कमी, आणि मुदतीसह. नळी यादीतून वगळली होती. दोन सदस्य संघटना सोडून गेले. बाकीच्यांनी कुरकुरत पट्ट्या बदलल्या. सावंतांच्या कांडीवर आता देवनागरीत 'सावंत, लालबाग' असतं. सुरुवातीला मागणी घटली, मग काही ठिकाणी परत आली. हा परिणाम शुल्काचा किती आणि नावाचा किती, हे वेगळं काढता येत नाही. मी प्रयत्न केला.

सचिवपद कार्यकारिणीने एकमताने प्रज्ञाला देऊ केलं. तिने नाकारलं. समितीतल्याच एका सदस्याने तिला दिल्लीतल्या एका संशोधन संस्थेत बोलावलं होतं. "केतकीला द्या," ती काकांना म्हणाली म्हणे, "तिला सगळं माहीत आहे." ज्या खुर्चीसाठी मी वर्षभर झोपेत वाक्यं जुळवली, ती तिने ताटातलं लोणचं बाजूला सारावं तशी माझ्याकडे सारली. मी ती घेतली. आज हे मी त्याच खुर्चीत बसून लिहिते आहे, आणि काम चांगलं करते आहे. तरी एखादा सदस्य दारात उभा राहून आत बघतो, मला बघतो, आणि त्याची नजर क्षणभर खोलीत आणखी कुणाला तरी शोधते. ते मला दर वेळी दिसतं.

तिला मी शेवटचं पाहिलं ते नायगावला. तिची चाळ पुनर्विकासासाठी रिकामी होत होती आणि दोन दिवसांनी तीही दिल्लीला निघणार होती. सुनावणीतला नमुना तिच्याकडेच राहिला होता, संघटनेच्या कपाटात परत आला नव्हता, म्हणून मी गेले. निदान तसं कारण मी स्वतःला दिलं. खोलीत भांड्यांची बोचकी, उतरवलेला पंखा, भिंतीवर तसबिरी काढल्याचे चौकोन. ती बोचक्यांच्या मधोमध उभी राहून फोनवर कुणाला तरी संक्रमण शिबिराच्या भाड्याचं समजावत होती. मला बघून तिने खिडकीकडे बोट केलं. तिथे स्टीलच्या पेल्यात पेनं, एक फुटपट्टी, आणि त्यांच्यात उभी व्होल्टेनबर्ग.

कांडीचं टोक सदैव ओलं ठेवायचं असतं. टोपणातलं द्रावण वाळू द्यायचं नाही. आमच्याकडे कामाला लागलेल्या माणसाला पहिल्या दिवशी हे सांगतात. या कांडीचं टोपणच नव्हतं. फुग्यावर धूळ होती आणि पांढरे क्षार सुकले होते.

"अगं, ही अशी कोरडी ठेवत नाहीत," मी म्हटलं.

तिने फोनवर हात ठेवला. "मेली का?"

"बहुतेक."

"बघ ना जगते का. मला सांग हं काय ते." आणि पुन्हा फोनवर, "हां मावशी, बोला."

कांडी घेऊन मी खाली मैदानात आले. वर पाहिलं तर ती गॅलरीत आली होती. फोन कानाला, कोपर कठड्यावर, आणि शेजारच्या दोन बायका तिच्या बोलण्यावर माना हलवत होत्या. मला पाहून तिने फोन खाली घेतला आणि त्या जुन्या, तीन चाळींना पुरणाऱ्या आवाजात म्हणाली, "डॉक्टर, आकडा कळव."

मैदानातल्या सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

प्रयोगशाळेत येऊन मी क्षार धुतले, आतलं द्रावण बदललं आणि कांडी भिजत ठेवली. ती मेलेली निघावी, असं मला वाटत होतं. जिच्यासाठी ही बाई समितीपुढे उभी राहिली, ती वस्तू सांभाळायची कशी एवढंही तिला माहीत नव्हतं, याचा एक पुरावा मला हवा होता. पुरावा कुणाला दाखवणार होते असं नाही. माझ्यापुरता.

सकाळी दोन द्रावणांत ती बुडवली. आकडा आधी भरकटला, मग हळूहळू चढू लागला. मी मान वळवली नाही. थांबल्यावर तो वहीत लिहिला. त्याच वहीत मागे सावंतांच्या कांडीचा फेब्रुवारीतला आकडा होता, ५८.९. मग दिल्लीला पाठवायचा संदेश टाइप केला: टोपण, द्रावण, निगा, सगळं त्यात होतं. ते पुसलं आणि फक्त आकडा ठेवला.

५८.७.